कॅनॉल स्ट्रीटसाठी तिसरं मतदान

४ फेब्रुवारी, सोमवार

अखेर ठरलं. रस्त्यांसाठी वाढीव घरपट्टी द्यायची की नाही, हा प्रश्न मे महिन्यात गावासमोर तिसऱ्यांदा जाणार. कौन्सिलमध्ये आम्हां सहांपैकी चौघांनी हात वर केले, त्यातल्या दोघांनी जेमतेम कानापर्यंत. मेयर म्हणाला, "क्लीट, आपण दोनदा तोंडावर आपटलोय. या वेळी प्रचार तू सांभाळ. तू बोललास की भिंतीसुद्धा ऐकतात."

मी म्हटलं, भिंतींना मत नसतं ही अडचण आहे. पण घेतो.

सायकलचा कारखाना बंद पडेपर्यंत तिथल्या युनियनचा अध्यक्ष मीच होतो. संपात फाटकासमोर बर्फात उभा राहून कर्ण्याशिवाय बोललोय. पण मजुरीसाठी बोलणं सोपं होतं. समोरच्याला मिळवून द्यायचं होतं. आता त्याच माणसांना सांगायचं आहे की खिशात हात घाला. तरी माझी श्रद्धा पक्की आहे. घर माझं, अंगण माझं, कुत्रं माझं. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की जे पायाला लागतं ते आपलं. जिथे आपलं काही उरत नाही ते गाव नसतं, एकमेकांकडे पाठ करून उभी असलेली घरं असतात. रोमचं साम्राज्य गेलं, रस्ते राहिले. आमच्या केलर्स लॉकला साम्राज्य कधीच नव्हतं, आणि आता रस्ताही उरलेला नाही.

घरी बायको, रोझेला, कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला सांगितलं. म्हणाली, "म्हणजे मेपर्यंत जेवण गार."

७ फेब्रुवारी, गुरुवार

रोझेलाच्या डायलिसिसचा वार. मंगळवार, गुरुवार, शनिवार, असं आता आमचं पंचांग. केंद्र तालुक्याच्या शहरात आहे. हायवेचा रस्ता ओहायो राज्याच्या मालकीचा, त्यामुळे तो लोण्यासारखा. पण हायवेपर्यंत पोचायचं तर कॅनॉल स्ट्रीटशिवाय वाट नाही, आणि कॅनॉल स्ट्रीट आमच्या मालकीची.

मूत्रपिंडाच्या आजाराने रोझेलाची हाडं ठिसूळ झालीत. पाठीमागे उशी, एक हात दाराच्या मुठीवर, डोळे मिटलेले, अशी ती हायवे येईपर्यंत बसते. मी तो रस्ता बोटांनी ओळखतो. जुन्या डेअरीपाशी डावीकडे राहायचं. मार्सेलाच्या टपालपेटीशी दोन चाकं गवतावर घ्यायची. नॉर्ब होमनच्या शेडसमोर गाडी पूर्ण थांबवायची आणि एकेक चाक खाली सोडायचं, तान्ह्या बाळाला पाळण्यात ठेवावं तसं. येताना जास्त जपावं लागतं. यंत्राने तिच्यातलं सगळं त्राण काढून घेतलेलं असतं.

डॉक्टरांनी मागच्या महिन्यात स्पष्ट सांगितलंय. असेच धक्के बसत राहिले तर पाठीचा कणा टिकणार नाही. पुढच्या हिवाळ्याच्या आत तिने केंद्राजवळच्या शुश्रूषागृहात राहायला जावं. या घरात ती लग्न होऊन आली.

गाडीत मी भाषणाची तयारी करतो. आज ती म्हणाली, "क्लीट, धक्के नाहीतर भाषण. दोन्ही नको."

मग थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "विरोधात कोण कोण आहे?"

मी सांगितलं. नॉर्ब तर आहेच, त्याच्या मागे अर्धं गाव. मार्सेला ब्रुन्स. गॅरेजवाला डुएन.

"डुएनसुद्धा?"

"वाकलेली चाकं सरळ करून जगतो तो. तुला काय वाटलं?"

ती खिडकीबाहेर बघत बोटांवर काहीतरी मोजू लागली.

२३ फेब्रुवारी, शनिवार

दारोदार फिरणं सुरू आहे. आज केंद्रातून परतल्यावर नॉर्बकडे गेलो. आम्ही एका वर्गात होतो. त्याने जन्मभर डुकरं पाळली, आता गावात चार घरं भाड्याने दिलीत. गाव त्याला मानतं, कारण तो कमी बोलतो. हा गुण आहे असं आमच्या लोकांना का वाटतं, ते मला अजून कळलेलं नाही.

"ये, क्लीट," दार अर्धवट उघडं धरून तो म्हणाला. "सूप गार होतंय, तेव्हा थोडक्यात."

मी थोडक्यात सुरुवात केली.

"हे सगळं ठीक आहे," मध्येच तो म्हणाला. "पण मागची पट्टी रस्त्यासाठी म्हणून घेतलीत आणि टाऊन हॉलचं छप्पर केलंत."

"छप्पर गळत होतं."

"मग छपरासाठी मागायची होती. दुसरं असं, की खड्डे आहेत म्हणून खाणीचे ट्रक आपल्या गावातून जात नाहीत. रस्ता गुळगुळीत करून बघ, रात्रंदिवस खिडक्या वाजतील. आणि मी रोज जातो की त्या रस्त्याने. मला तर काही होत नाही."

त्याच्या पिकअप ट्रकची चाकं माझ्या कमरेइतकी उंच आहेत. त्याच्याखाली गाय आली तरी त्याला कळणार नाही. हे मी त्याला सांगितलं, आणि समाज म्हणजे काय तेही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"भाषण छान आहे," तो म्हणाला. "मत नाही."

तिथून मार्सेलाकडे गेलो. ती विधवा, एकटी, पेन्शनवर. "तुमचा कागद म्हणतो माझं घर मोठं आहे, म्हणून पट्टी जास्त," ती म्हणाली. "माझ्यासाठी ते मोठं नाहीये, क्लीटस, नुसतं थंड आहे." घरी येताना याचं उत्तर शोधत होतो. अजून सापडलेलं नाही.

८ मार्च, शुक्रवार

आज ईस्टरआधीच्या उपवासकाळातला पहिला शुक्रवार, मांस वर्ज्य. अग्निशमन दलाच्या बंबखान्यात तळलेल्या माशाचं जेवण. सगळं गाव एका छताखाली, आणि सगळ्यांच्या हातात रिकामी थाळी. अशी सभा वर्षात दुसरी मिळत नाही. मी बंबवाल्यांच्या कप्तानाला म्हटलं, वाढण्याआधी मला पाच मिनिटं दे. त्याने दिली, हे त्याचे उपकार म्हणून नोंदवतो, कारण उद्यापासून तो माझ्याशी बोलणार नाही.

मी वाढण्याच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि रोमपासून सुरुवात केली. संपाच्या दिवसांत भुकेली माणसं सर्वात लक्ष देऊन ऐकायची. पण ती भूक वेगळी. इथे आतून तेलाचा वास येत होता. मी आमच्या गावच्या जुन्या कालव्यापर्यंत पोचलो तेवढ्यात मागून कोणीतरी विचारलं, "क्लीट, मासा रोमवरून येतोय का?" हशा. मी थांबायला हवं होतं. मी वेग वाढवला.

वाढायला सुरुवात झाली तेव्हा माशाची कुरकुरीत कड गेली होती. कप्तानाच्या बायकोने माझ्या थाळीत शेपटाकडचा तुकडा टाकला आणि कोबीची कोशिंबीर वाढायची विसरली. नॉर्ब रांगेत पुढे होता. तो मोठ्याने बोलला नाही, पण ऐकू येईल असं बोलला. "पट्टी अजून बसलीही नाही, आणि जेवण गार झालंसुद्धा."

रोझेलाला मासा चालत नाही, म्हणून ती पाव आणि कोशिंबीर घेऊन मार्सेलाच्या शेजारी बसली होती. त्या दोघींचं बोलणं चाललं होतं. माझ्याबद्दल नसावं.

१० मार्च, रविवार

चर्चबाहेर आज कोणी हात मिळवायला थांबलं नाही. मेयर मात्र आला. त्याच्या मते आपल्याला आता माणसाच्या काळजाला हात घालायला हवा. "रोझेलाबद्दल बोल ना," तो म्हणाला. "तिचा त्रास सांग. अंगणात लावायच्या पाटीवर तिचा फोटो टाकला तरी चालेल."

मी त्याला काय म्हणालो ते इथे लिहीत नाही, चर्चच्या पायऱ्यांवर म्हणालो एवढं पुरे. माझी बायको ही प्रचाराची पाटी नाही. रस्ता न्याय्य असेल तर तो सगळ्यांसाठी न्याय्य आहे. एका घरातलं दुखणं दाखवून तो मागायचा असेल तर ती भीक झाली. रोझेला माझ्या हाताला धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं.

दुपारी ती म्हणाली, "मंगळवारी तुझी वर्तमानपत्रवाल्यांशी बैठक आहे ना? मी दुसरी गाडी बघते."

"बैठक पुढे ढकलतो."

"नको. तुला प्रचार आहे. नॉर्बला विचारते."

मी म्हटलं, सगळं गाव सोडून नॉर्ब?

"त्याचा ट्रक मोठा आहे," ती म्हणाली, आणि तिने फोन उचलला.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे मदत मागायची पद्धत नाही. माणूस घरात पडून राहील पण शेजाऱ्याला हाक मारणार नाही. म्हणूनच, कोणी मागितलीच, तर नाही म्हणायचीही पद्धत नाही, मग भांडण असो वा निवडणूक. आणि केलेल्या मदतीबद्दल नंतर चार लोकांत बोलणं म्हणजे तर निव्वळ ओंगळपणा. तेव्हा नॉर्ब हो म्हणाला यात नवल नाही.

खरं सांगायचं तर मला जरा सुटल्यासारखं वाटलं. त्या केंद्राच्या बाकावर चार चार तास बसायचं, वाचायला नेलेलं वाचूनही व्हायचं नाही. असं वाटू नये. पण वाटलं.

१२ मार्च, मंगळवार

वर्तमानपत्रवाल्यांना माझं म्हणणं पटलेलं दिसलं. त्यांच्यातला एक जण सारखा लिहीत होता.

घरी आलो तेव्हा नॉर्बचा ट्रक नुकताच दारात थांबला होता. त्याने रोझेलाला अक्षरशः उचलून खाली उतरवलं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. नॉर्बच्या शर्टाच्या बाहीवर ओलं होतं. तिला येताना उलटी झाली म्हणे, बरोबर त्याच्याच शेडसमोर. मला त्याचा राग आला. ट्रक हाकतो की डुकरांची गाडी?

"अरे, जरा सावकाश घ्यायचं," मी म्हटलं.

"सावकाशच घेतलं," तो म्हणाला. टोपी हातात घेऊन तो ओसरीवर उभा राहिला. मला वाटलं आता पट्टीवरून वाद घालणार. मीही तयार होतो. पण तो रोझेलाच्या खोलीच्या दाराकडे बघत होता.

"प्रत्येक वेळी असं होतं?" त्याने विचारलं.

"माझ्या गाडीत नाही होत," मी म्हटलं. ते खरंच आहे.

तो गेला. मी रोझेलाला म्हटलं, यापुढे त्याला बोलवू नकोस. ती उशीत तोंड घालूनच म्हणाली, "पुढच्या मंगळवारीही तोच येणार आहे. मी सांगून ठेवलंय."

२२ मार्च, शुक्रवार

वाऱ्याची दिशा बदलते आहे असं मला वाटतं, आणि ते का, याचा मी नीट विचार केला आहे.

रोझेलाचे मंगळवार नॉर्बने घेतले, गुरुवार मार्सेलाने, आणि मागच्या शनिवारी डुएनने गॅरेज बंद ठेवून तिला नेलं. तिघंही विरोधातले. मी तिला विचारलं की आपल्या बाजूचे शेजारी का नाही बोलवत, तेही आनंदाने येतील. ती म्हणाली, "त्यांना कशाला उगाच त्रास."

आज टायर दाखवायला डुएनकडे गेलो. एरवी मी आत शिरलो की तो ओरडतो, "या, या, खड्ड्यांचे शत्रू, माझ्या पोटावर पाय द्यायला आलात?" आज काही नाही. टायर बघितला, पैसे घेतले नाहीत. मग फडक्याला हात पुसत म्हणाला, "क्लीट, तुझ्या गाडीचे शॉक ॲब्सॉर्बर बदलू या. मी मागवलेत."

"मी कुठे मागितलेत?"

"मी मागवलेत," तो म्हणाला.

मागच्या आठवड्यात त्याच्या दाराखालून मी पत्रक टाकलं होतं. त्यात सार्वजनिक कर्तव्यावर एक परिच्छेद आहे, तो मी चारदा लिहून काढला होता. चांगला लिहिलेला परिच्छेद माणसाच्या आत कसा काम करत राहतो याचं हे उदाहरण.

१ एप्रिल, सोमवार

आज कौन्सिलची जाहीर सभा. ती मी आयुष्यभर विसरणार नाही, पण तिचा अर्थ मला नीट लागलेला नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

मी ठराव मांडला की या पट्टीतला प्रत्येक डॉलर रस्त्यावरच खर्च होईल. छपरावर नाही, दिव्यांवर नाही, आणि पाच वर्षांनी पट्टी आपोआप बंद होईल. नॉर्बचा मुद्दा खरा होता आणि खऱ्या मुद्द्यापुढे वाकण्यात कमीपणा नसतो. ठराव मंजूर झाला. मग नॉर्ब उठला. तो सभेत कधी उठत नाही.

"आधी कुठला रस्ता?" त्याने विचारलं.

"कॅनॉल स्ट्रीट," मेयर म्हणाला.

"कुठल्या टोकाकडून?"

"ते इंजिनियर ठरवतील."

"क्लीट फेनिगच्या फाटकापासून हायवेकडे करा," नॉर्ब म्हणाला.

मागे कोणीतरी हसलं. माझ्या कानशिलांवर रक्त चढलं. म्हणजे मी माझ्या दारातला रस्ता करून घ्यायला सगळ्या गावाला पट्टी भरायला लावतोय, असा याचा अर्थ. मी उभा राहिलो. युनियनच्या इतक्या वर्षांत एका पैशाचा आरोप माझ्यावर कोणी केला नव्हता, हे मी सांगितलं. सार्वजनिक पैसा आणि खासगी दार यांच्यात केवढी भिंत असायला हवी ते सांगितलं. शेवटी म्हणालो की माझ्या हेतूबद्दल शंका असेल तर ठरावातच लिहा, की फेनिगच्या फाटकासमोरचा तुकडा पाचव्या वर्षी, सगळ्यात शेवटी होईल.

"नाही," नॉर्ब म्हणाला.

"नाही," डुएन म्हणाला.

आणि मार्सेला, जिला पट्टीच नको आहे, ती खुर्चीवरून अर्धी उठून म्हणाली, "क्लीटस, खाली बस आणि ते लिहायला लावू नकोस."

या तिघांचं आजवर चर्चच्या घंटेच्या वेळेवरसुद्धा एकमत झालेलं नाही. मेयरने सूचना वगळली. मी खाली बसलो. माझ्या प्रामाणिकपणाचा त्यांच्यावर परिणाम झाला असणार, दुसरं काही मला सुचत नाही. घरी येऊन रोझेलाला सांगितलं, तर ती इतकी हसली की पाठ धरून बसली.

"शेवटी? पाचव्या वर्षी?" ती म्हणाली. "अरे देवा, क्लीट."

१६ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. पाठीच्या एका मणक्याला नवी चीर आहे.

मी म्हटलं, बस्स. यापुढे मीच नेणार. सभा गेल्या खड्ड्यात. माझ्याबरोबर तुला एवढे धक्के बसत नव्हते. नॉर्बचा ट्रक दणके देतो, मार्सेलाला खड्डा दिसतो तोवर गाडी त्यात गेलेली असते, डुएन घाईत चालवतो.

"माहितीय मला," ती म्हणाली.

"माहितीय तर मग?"

"मतदानापर्यंत असंच चालू दे."

"मतदानाचा आणि तुझ्या पाठीचा काय संबंध?"

तिने माझ्याकडे बघितलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ती अशी बघते तेव्हा मला शाळेत फळ्यासमोर उभं केल्यासारखं वाटतं.

"काही नाही," ती म्हणाली. "तू बोलत राहा. तू बोलतोस ते सगळं खरं असतं. फक्त लोकांना ते कानानेच कळतं."

यावर मी बराच वेळ विचार केला. वक्त्याची यापेक्षा मोठी स्तुती होऊ शकते का, मला माहीत नाही. पण ती स्तुती करत होती असंही वाटलं नाही. मी हट्ट धरला. तिने जास्त धरला. शेवटी तिने नॉर्बला जरा कमी वेगाने चालवायला सांगायचं कबूल केलं. तो आधीच चालण्याच्या वेगाने चालवतो म्हणे.

आज पहिल्यांदा मनात आलं, की ही लढाई मी जिंकलो आणि तोवर घर रिकामं झालं, तर त्या गुळगुळीत रस्त्यावरून मी कुठे जाणार?

६ मे, सोमवार

उद्या मतदान. दोन भाषणं तयार आहेत, जिंकल्याचं आणि हरल्याचं. हरल्याचं जास्त चांगलं झालं आहे.

गावात शेवटची फेरी मारली. नॉर्बच्या अंगणात फेब्रुवारीपासून असलेली "नवी पट्टी नको" ही पाटी दिसली नाही. शनिवारी वारा होता, त्याने नेली असणार. लढत सरळ व्हायला हवी, विरोधकाची पाटी पडली म्हणून खूश होणारा मी नाही. मी आजूबाजूची अंगणं, ओढ्याचा काठ, सगळं शोधलं. सापडली नाही. शेवटी त्याचं दार वाजवलं.

"नॉर्ब, तुझी पाटी वाऱ्याने उडालीय. माझ्याकडे कोरा पुठ्ठा आहे, पाहिजे तर देतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तू माझी पाटी शोधत होतास?"

"अर्थात."

"क्लीट," तो म्हणाला, "तू चांगला माणूस आहेस. घरी जा."

८ मे, बुधवार

जिंकलो. एकोणीस मतांनी.

काल सकाळी नॉर्ब नेहमीसारखा रोझेलाला न्यायला आला. तिने टपालाने मत द्यायला नकार दिला होता. आधी बंबखान्यात मतदान, मग केंद्र, असं तिने ठरवलं होतं. मी नियमाप्रमाणे प्रचारबंदीची हद्द दाखवणाऱ्या झेंड्यांच्या पलीकडे पत्रकं घेऊन उभा होतो, तिथून उघड्या दारातून मला दिसलं. नॉर्बच्या दंडाला धरून ती आत गेली. रांग होती. रांगेतल्या माणसांनी वाट दिली, तर ती नको म्हणाली आणि आपल्या जागेवर उभी राहिली, एका हाताने पाठ धरून. डुएन तिच्या मागेच होता. त्याने कुठून तरी खुर्ची आणली, ती तिने घेतली.

संध्याकाळी निकाल आला तेव्हा मी खुर्चीवर चढून भाषण केलं. लोकांनी शेवटपर्यंत ऐकलं. टाळ्याही बऱ्या पडल्या. नॉर्ब कॉफीच्या भांड्याजवळ उभा होता. मी त्याला गाठलं.

"खरं सांग. कुठे दिलंस?"

"बाजूने."

मी मनातल्या मनात माझे सगळे मुद्दे झरझर चाळले. "कुठल्या मुद्द्याने मन वळलं तुझं?"

"तुझं एकही भाषण मी पुरतं ऐकलेलं नाही, क्लीट," तो म्हणाला. कपात साखर टाकून ढवळत राहिला. "मला वाटायचं, तो रस्ता मला ठाऊक आहे. जन्मभर त्यावरून गेलो." आणखी काहीतरी बोलणार होता, पण आमच्याकडे त्यापुढचं बोलायची पद्धत नाही. त्याने मला साखरेचा डबा दिला आणि तो गेला.

मार्सेला स्वतःहून आली. "मी विरोधात दिलंय, हे तोंडावर सांगते. माझी पेन्शन बदललेली नाही. पण गुरुवारी रोझेला माझ्याबरोबरच येणार, ते तुझ्या पट्टीवर अवलंबून नाही."

मी तिचा हात हातात घेतला. माझ्या सगळ्या विरोधकांत तिच्याइतका सरळ माणूस नाही. ज्यांची मिळकत आटलेली आहे त्यांच्या पट्टीत सूट मिळवायला राज्याकडे अर्ज करता येतो, तो मी तिच्यासाठी भरणार आहे. हे आधी सुचायला हवं होतं.

एकच गोष्ट सलते. पट्टी पुढच्या वर्षापासून बसणार, म्हणजे डांबर पडायला पुढचा उन्हाळा. मधे एक हिवाळा आहे. रोझेलाला म्हटलं, तर ती म्हणाली, "बघू." मग म्हणाली, "शनिवारी तू चल मला न्यायला. लोकांच्या गाड्या आता पुरे झाल्या."

मला फार बरं वाटलं. तिला माझी सोबत आठवत होती तर.

११ मे, शनिवार

सकाळी ट्रॅक्टरच्या आवाजाने जागा झालो. खिडकीतून पाहिलं तर आमच्या फाटकाबाहेर नॉर्बचा ट्रॅक्टर, मागे बारीक खडीने भरलेली गाडी. डुएन आणि आणखी आठ-दहा जण फावडी घेऊन खड्डे भरत होते. दोघं जण मागून पाणी मारून धुमसाने खडी चोपत होते. मार्सेला एका खुर्चीवर कॉफीचा थर्मास आणि केक घेऊन बसली होती आणि कुठे खडी कमी पडलीय ते बसल्या जागेवरून सांगत होती.

मी कपडे चढवून बाहेर गेलो.

"हे कोणाच्या परवानगीने चाललंय?" मी विचारलं. विचारणं भाग होतं. सार्वजनिक रस्त्याचं काम कौन्सिलने करायचं असतं. प्रत्येकाने आपापलं फावडं उचललं तर पट्टी कशाला आणि कौन्सिल तरी कशाला, हे मी त्यांना समजावून सांगू लागलो.

"तुझं बरोबर आहे," नॉर्ब म्हणाला. "बाजूला हो, गाडी मागे घ्यायचीय."

"आणि फक्त हायवेपर्यंतच का? दुसऱ्या बाजूला स्मशानापर्यंत रस्ता याच्याहून वाईट आहे."

"तिकडे जायची कोणाला घाई नाही," डुएन म्हणाला. सगळे हसले.

"पण सुरुवात माझ्याच फाटकापासून? लोक काय म्हणतील?"

"कुठून तरी करायलाच हवी, क्लीटस," मार्सेला म्हणाली. "केक खा."

मला सांगायचं होतं की माझ्या मंगळवारच्या भाषणाने त्यांच्यात एवढा उत्साह आला असेल तर तो योग्य मार्गाने वापरायला हवा. पण नॉर्बने माझ्या हातात फावडं दिलं. त्याच्या शेडसमोरचा तो मोठा खड्डा आम्ही दोघांनी भरला. माझी पाठ भरून आली तेव्हा त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि माझ्या वाटची खडीही टाकली.

निघायची वेळ झाली. रोझेला बाहेर आली, ओसरीवर थांबून तिने त्या सगळ्यांकडे पाहिलं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. नॉर्बने टोपीला हात लावला आणि ट्रॅक्टर कडेला घेतला. ती गाडीत बसली.

मी सावकाश निघालो. माझ्या डोक्यात पुढचा विषय तयार होता: गावाची सांडपाण्याची नळवाहिनी. तीही सगळ्यांची, तीही कोणाला दिसत नाही, आणि तिच्यासाठीही एक दिवस मतं मागावी लागणार. डेअरी ओलांडली. मी तिला सांगत होतो की माणसं न दिसणाऱ्या गोष्टीसाठी पैसे का देत नाहीत. मार्सेलाची टपालपेटी मागे पडली. नॉर्बचं शेड आलं. सवयीने मी गाडी पूर्ण थांबवली, मग लक्षात आलं की थांबायची गरज नव्हती. मी मुद्दा पुरा करत तिच्याकडे वळलो.

तिचा हात दाराच्या मुठीवरून सुटून मांडीवर पडला होता. डोकं खिडकीला टेकलेलं, तोंड जरासं उघडं. ती झोपली होती. कॅनॉल स्ट्रीटवर.

मी बोलणं थांबवलं, आणि हायवे येईपर्यंत, हायवेवर, पार केंद्राच्या दारापर्यंत, एक शब्द बोललो नाही.